घटाचा दिवा आणि गॅसची परीक्षा

दसऱ्याच्या थोडं आधी तुम्ही व्हिडिओ कॉल केला होतात, तेव्हा माझ्या मागे एक बाई ब्रशने भिंतीला साबणाचा फेस लावत होती. तुम्ही दोघांनी विचारलंत की आजीकडे भिंतींनाही अंघोळ घालतात का. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, तुमची शाळेची बस आली आणि उत्तर राहून गेलं. मला अर्धवट राहिलेली गोष्ट आवडत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून आता सगळं नीट लिहिते.

फेस भिंतीला नव्हता, भिंतीवरच्या पाइपला होता. आपल्या कॉलनीत उन्हाळ्यापासून पाइपचा गॅस आणायचं काम चाललं होतं. रस्ते खणले, बुजवले आणि कोणाचं तरी काही राहिलं म्हणून पुन्हा खणले. माझ्या स्वयंपाकघरात पाइप आला, मीटर बसला, पण गॅस यायचा होता. जुना सिलिंडर ओट्याखाली होताच. रिकामा पाइप आणि भरलेला सिलिंडर अशा दोन्ही वस्तू एकाच खोलीत असल्यामुळे गॅस तंत्रज्ञाच्या परीक्षेचा अभ्यास करायला याहून चांगली जागा साऱ्या अमरावतीत नाही, असं आम्हा दोघींचं मत झालं.

दोघी म्हणजे मी आणि माझी भाडेकरीण. तुमचे आजोबा गेल्यावर मागच्या दोन खोल्या मी तिच्या कुटुंबाला दिल्या. नवरा दर्यापूरच्या रस्त्यावर सवारी जीप चालवतो. सासू आपल्या कॉलनीच्या कोपऱ्यावर भाजीची टोपली मांडून बसते. भाजी त्यांच्या स्वतःच्या मळ्यातली, जीपमधूनच येते. सून लग्नाआधी आयटीआयमध्ये प्लंबरचं काम शिकली होती. लग्नानंतर तिचा पाना पेटीत गेला आणि ती सासूशेजारी टोपलीपाशी बसू लागली.

पाइपवाले कॉलनीत आले तेव्हा ती रोज त्यांच्याजवळ इतका वेळ उभी राहायची, की शेवटी ठेकेदाराने विचारलं, बाई, तुमची काही तक्रार आहे का? तिने सांगितलं, तक्रार नाही, काम पाहिजे. त्याने तिला मदतनीस म्हणून ठेवलं. पुढे काम पाहून तो म्हणाला की प्रमाणपत्र आणलंस तर तंत्रज्ञ म्हणून घेतो, कारण दुपारच्या वेळी घरोघरी बाया एकट्या असतात आणि बाईला दार लवकर उघडतात. मात्र कॉलनीत गॅस सुरू व्हायच्या आत प्रमाणपत्र हवं, नाहीतर तो नागपूरहून माणूस बोलावणार होता.

राहता राहिली सासू. तिला सुनेच्या हातात पाना असण्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं. तिची अडचण हिवाळ्याची होती. दसरा झाला की मेथी, पालक, वांगी, सांबार असं सगळं एकदम मळ्यातून येऊ लागतं. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. ते निवडायला, जुड्या बांधायला आणि विकायला एका बाईचे हात पुरत नाहीत. तिने माझ्यादेखतच सुनेला सांगून टाकलं, "एक डाव दे परीक्षा. निंगाली त निंगाली, नाही त टोपलीपाशी ये."

 दुसऱ्या दिवशी सून परीक्षेचं पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. मी विचारलं, एवढं का मनावर घेतलंस? टोपलीपाशीही कामच आहे. ती म्हणाली, "भाजी घेतानी लोक भाजीकडे पायतात, काकू. पाना हातात असला का माह्याकडे पायतात."

मग मी वेळापत्रक आखलं.

पुस्तक एका बाजूला इंग्रजीत आणि दुसऱ्या बाजूला हिंदीत होतं. हिंदी इतकी जड होती की त्यापेक्षा इंग्रजी परवडली. परीक्षा मात्र मराठीत देता येणार होती. मी इंग्रजी वाचायचं, तिला मराठीत सांगायचं, आणि तिने ते मला वऱ्हाडीत परत सांगायचं, अशी आमची पद्धत ठरली. मी जन्मभर मुलांना इंग्रजी शिकवलं, पण शिकवलेलं कुठे जाऊन बसतं हे इतकं स्पष्ट कधी पाहिलं नव्हतं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत पसरतो. पाइपचा गॅस हलका असतो, तो छताकडे जातो. हे मी वेगवेगळ्या शब्दांत समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, सिलिंडरचा गॅस म्हणजे वरणाचा गाळ अन् पाइपचा गॅस म्हणजे धुपाचा धूर. त्यानंतर तो प्रश्न आम्हाला पुन्हा उघडावा लागला नाही.

साबणाचंही तसंच. सांध्यातून गॅस गळतो का, हे काडी पेटवून पाहायची आपल्याकडे अनेकांना खोड आहे. तुमच्या आजोबांनाही होती. पुस्तक म्हणतं की साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला तर गळती आहे. तुम्ही फोनवर पाहिलंत ते हेच. सिलिंडरच्या नळीवर, शेगडीच्या मागे आणि ज्यात गॅस नव्हता त्या पाइपवरसुद्धा ती फेस लावत सुटली होती. त्या दिवसांत माझं स्वयंपाकघर जितकं स्वच्छ होतं तितकं दिवाळीतही नसतं.

खरी पंचाईत झाली ती वेगळ्याच धड्याची. ग्राहकाशी नम्रपणे बोलणे, यालाही गुण होते. ती मनाने गोड, पण बोलणं वऱ्हाडी, म्हणजे समोरच्याच्या अंगावर वीट पडावी तसं. मग मी ग्राहक व्हायला लागले. कधी पाइप कपाटामागे लपवा म्हणणारी हौशी बाई, कधी आमचा भाचा इंजिनिअर आहे असं दर वाक्याला सांगणारे काका. मला यात इतकी मजा यायला लागली की धडा संपला तरी मला ग्राहक सोडवेना. एकदा मी नाक मुरडून म्हटलं, इथे मीटर नको, भिंतीची शोभा जाते.

ती म्हणाली, "मंग तिकडं लावतो, पण उद्या भडका झाला त मले नोका बोलवू."

मी म्हटलं, असं नाही, नम्रपणे. कृपया हा शब्द घालून बोल.

तिने तो घातला. "कृपया भडका होऊ देऊ नोका."

सासू संध्याकाळी टोपली आवरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायची. उरलेली भाजी निवडत आमचा अभ्यास ऐकायची. ऐकून न ऐकल्यासारखं करायची, पण त्या दिवशी तिच्याने राहवलं नाही. मला म्हणाली, "शिकवा, मास्तरीणबाई, शिकवा. कृपया शिकली त कधी माह्याशीबी बोलन."

परीक्षेचं केंद्र अकोल्याला होतं आणि तारीख आली ती नेमकी नवरात्रात.

तुम्ही नवरात्रात कधी इथे आला नाहीत, म्हणून थोडं सांगते. पहाटेपासून बाया अनवाणी अंबादेवीला जातात, रस्ता नुसता चपलांशिवायच्या पावलांच्या आवाजाने भरलेला असतो. घरी घट बसतो. मातीत गहू पेरायचे, वर मातीचं मडकं, रोज एक माळ चढती, आणि शेजारी समई. ही समई पहिल्या दिवशी लावली की दसऱ्यापर्यंत विझू द्यायची नाही. रात्री उठून तेल घालायचं, वारा लागू द्यायचा नाही, घर बंद करून कुठे जायचं नाही. तुमच्या बाबांनी लहानपणी त्यात तेल घालायच्या हौसेने बोट भाजून घेतलं होतं. खूण अजून असेल, विचारा. आपलं देवघर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आहे, तेव्हा घटही तिथेच आणि समईही तिथेच.

प्रात्यक्षिकात एक कसरत हमखास असते, असं तिला ठेकेदाराच्या माणसांनी सांगितलं होतं. घरात गॅसचा वास येतोय असं फोनवर कळलं, तुम्ही पोचलात, आता काय कराल? क्रम पुस्तकात दिलेला. आधी जळतं आहे ते सगळं विझवायचं. विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, चालू बंद काहीच नाही. व्हॉल्व्ह बंद करायचा, दारं खिडक्या उघडायच्या, माणसं बाहेर काढायची, फोन बाहेर जाऊन करायचा. माझा क्रमावर फार जीव. मी दारात उभी राहून "वास येतोय हो" म्हणायची, आणि ती मागच्या दाराने आत शिरायची.

घट बसले त्या दिवशी आम्ही ही कसरत केली. ती आत आली, शेगडी बंद केली आणि कोपऱ्यातल्या समईकडे पाहत थबकली. मग माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "तेवढी सोडून दे."

तिने सोडली. पुढे रोज सोडली. व्हॉल्व्ह, खिडक्या, दार, सगळं चोख, आणि कोपऱ्यात समई आपली शांत जळते आहे. आम्ही दोघी समाधानी. स्वल्पविराम चुकला तरी अर्धा गुण कापणारी मी, पण त्या एका ज्योतीला नियमातून सूट दिली आणि ती दिली आहे हेसुद्धा मनात राहिलं नाही. देवीचा दिवा म्हणजे आग, असं आमच्या दोघींच्या डोक्यातच कुठे नव्हतं.

परीक्षेला तिच्यासोबत कोणी जायचं हा प्रश्न होता. नवरात्रात जीपला फार सवाऱ्या, नवरा सुटेना. अकोला माझं माहेर, रस्ते माहीत, पण मी गेले तर दिव्यापाशी कोण? मी असं म्हणतच होते तोवर उंबऱ्यावरून सासू म्हणाली, "मी बसतो दिव्यापाशी. तुमी पोरीले घेऊन जा."

सकाळी बस कोपऱ्यावरून वळली तेव्हा मला खिडकीतून सासूची रिकामी जागा दिसली. उपासाचे दिवस, रताळी आणि लाल भोपळ्याला सगळ्यात जास्त मागणी, आणि टोपली नव्हती. सुनेनेही पाहिलं असावं, कारण ती मूर्तिजापूरपर्यंत डोळे मिटून क्रम पुटपुटत होती, मध्ये एकदाही थांबली नाही. रस्त्याकडेला सोयाबीनचे ढीग लागले होते, काळ्या रानात कपाशी फुटायला लागली होती. मी तिला शेंगदाण्याचा लाडू दिला. तोही तिने पुटपुटतच खाल्ला.

केंद्र म्हणजे गावाबाहेर पत्र्याचं मोठं दालन. एका बाजूला संगणक, दुसऱ्या बाजूला खोटं स्वयंपाकघर: ओटा, शेगडी, मीटर, खिडकी. खिडकीपलीकडे भिंतच. परीक्षार्थींमध्ये बाई ती एकटी. सकाळचा लेखी पेपर झाला आणि ती हसत बाहेर आली. वरणाचा गाळ आला होता, म्हणाली. दुपारी एकेकाला प्रात्यक्षिकाला बोलावलं. मी बाहेर कडुनिंबाखाली बसून होते. ती बाहेर आली तेव्हा मात्र चेहरा उतरलेला होता, आणि चला काकू, एवढंच म्हणून ती बसस्टँडकडे चालायला लागली.

बसमध्ये तिने सांगितलं. कसरत आली ती तीच, वास येत असल्याची. परीक्षक पुण्याकडचे असावेत, बोलण्यावरून तिला तसं वाटलं. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की कोपऱ्यात स्टुलावर पितळेचा दिवा आहे, त्यात तेल वात काही नाही, पण तो पेटलेला समजायचा. ती आत गेली. शेगडी बंद, बटणांना हात नाही, व्हॉल्व्ह बंद, खिडकी उघडी. झालं सर, म्हणाली. परीक्षकांनी विचारलं, काही राहिलं का? तिने मागे वळून पाहिलं तर दिवा. तो तिने पाहिला होता आणि आपल्या समईसारखाच सोडला होता.

ती धावली, हात पुढे केला. तेवढ्यात परीक्षक घरातल्या म्हाताऱ्या बाई झाले. म्हणाले, "अहो, आमचे घट बसलेत. दिवा अखंड आहे, त्याला हात नाही लावायचा."

"मंग तू काय म्हणालीस?" मी विचारलं. तिच्याशी बोलता बोलता मीही वऱ्हाडीवर येते.

ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "तोंडातून निंगून गेलं, काकू. म्हणलं, बुढे, तू पयले भाइर व्हय. दिवा मी मालवतो, पाप माह्या माथी."

परीक्षकांना बुढे म्हणाली होती, आणि तू. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि जा म्हणाले. म्हणजे दिवा उशिरा आठवला, आणि आठवला तेव्हा नम्रपणा गेला. दोन्हीकडून गुण गेले असणार, असा तिचा हिशेब होता, आणि मला तो खोडता येईना. मी म्हटलं, तो दिवा सोडायला मीच सांगितलं होतं.

"हात त माहाच व्हता," ती म्हणाली आणि मान मागे टाकून डोळे मिटून घेतले.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. स्वयंपाकघर झाडलेलं, त्या दिवसाची माळ चढवलेली, समई सरळ जळत होती. सासू तिच्यासमोर भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून तिथून फारशी उठली नसावी, कारण मी ठेवलेला चहाचा कप होता तिथेच होता. तिने नुसतं वर पाहिलं. सुनेने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दिवा कसा राहिला, बुढे कशी म्हणाली, पाप माझ्या माथी म्हणून देवीचा दिवा मालवते म्हणाली, काही लपवलं नाही. शेवटी म्हणाली, "एक डाव व्हता, तो गेला. उद्यापासून येतो टोपलीपाशी."

सासूने तेलाची वाटी घेतली. ज्योतीला एका हाताचा आडोसा धरून समईत हळूहळू तेल ओतलं. मग विचारलं, "ते बुढी भाइर निंगाली का नाही?"

सून म्हणाली, "निंगाली, असंच समजा."

"मंग देवी काहून रागावन? पण उशीर केला तू. पुढच्या डावाले पयले दिवा मालवजो, मंग बाकीचं."

पुढच्या डावाले, असं ती तेल ओतता ओतता सहज म्हणून गेली. सुनेने आणि मी एकमेकींकडे पाहिलं नाही आणि ऐकल्याचं दाखवलंही नाही. न जाणो, ती शब्द परत घ्यायची. मी तिघींसाठी चहा टाकला, आणि सून दोन्ही हातांनी कप धरून तिथेच, सासूशेजारी, घटासमोर बसली.

पुढच्या डावाची वेळ आली नाही. दसऱ्यानंतर निकाल लागला आणि ती पास झाली. लेखीत छान गुण, प्रात्यक्षिकात थोडे कापलेले. कशाचे कापले हे कोणी सांगत नाही. ती म्हणते बुढेचे, मी म्हणते दिव्याच्या उशिराचे. या विषयावर आमचं अजून एकमत नाही. सासूचं म्हणणं असं की ज्या माणसाला घाईत बुढे म्हटलेलं कळत नाही त्याने नवरात्रात परीक्षा घेऊ नये.

दिवाळी झाली आणि कॉलनीत गॅस आला. माझ्या घराची पाळी आली त्या दिवशी पुढच्या दाराची बेल वाजली. दारात ती, डोक्यावर हेल्मेट, अंगात पट्ट्यांचं जाकीट, हातात पेटी. एरवी मागच्या दाराने न विचारता येणारी. म्हणाली, "नमस्कार. आत येऊ का, काकू?" मी तितक्याच गंभीरपणे या म्हटलं.

स्वयंपाकघरात मी सगळी तयारी करून ठेवली होती. नवी चूल पेटायची म्हणजे आधी पूजा हवी. ताटात हळदकुंकू, फुलं, नारळ आणि निरांजन. निरांजन पेटलेलं होतं. तिने पेटी खाली ठेवली, ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज शक्य तितका मऊ करून म्हणाली, "काकू, कृपया."

मी ताटातलं फूल उचललं आणि त्याने ज्योत शांत केली. मग तिने शेगडीचे जेट, म्हणजे गॅस सुटायची बारीक तोंडं, बदलले, व्हॉल्व्ह उघडला, एकेक सांध्याला फेस लावला आणि वाकून, कान आणि नाक दोन्ही लावून पाहत राहिली. एकही बुडबुडा आला नाही. तेव्हा तिने शेगडी पेटवली. निळी ज्योत गोल उभी राहिली. मी निरांजन पुन्हा लावलं, हळदकुंकू वाहिलं, आणि उंबऱ्यावर बसलेल्या तिच्या सासूने नारळ फोडला. पहिलं दूध उतू गेलं. ते जाऊ द्यायचं असतं.

आता ती सकाळी नऊच्या सुमारास पेटी घेऊन निघते आणि कॉलनीतल्या बाया तिला दार उघडतात. हिवाळा भर आला आहे. मळ्यातून मेथी, वांगी आणि सांबार जीप भरभरून येतं. तेव्हा पुढच्या वेळी फोनवर माझ्या मागे सांबाराचा ढीग दिसला तर हसू नका. दुपारी मी उंबऱ्यावर बसते, तिची सासू शेजारी. मुळं एकीकडे, पिवळी पानं दुसरीकडे, जुडी दोऱ्याने बांधायची, सैल नाही आणि घट्टही नाही. काल माझी जुडी तिने हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि सोडून टाकली.

"मास्तरीणबाई," ती म्हणाली, "पुन्यांदा बांधा."